काल्पनिक जगाला भाषा हवी

महोदय,

मराठीत महाद्भुत (फँटसी) कादंबऱ्या लिहू पाहणारी तरुण मुले मुंबईत भेटतात. त्यांची कथानके दमदार असतात, पण राज्यांची नावे ऐकताच पोकळपणा जाणवतो. कुठलीही चार अक्षरे जुळवली की संस्कृती होत नाही. इंग्रजी कादंबरीकार टॉल्किन हे भाषांचे अभ्यासक. त्यांनी आधी भाषा रचल्या, मग त्या बोलणाऱ्यांचा इतिहास. त्यांनी रचलेल्या क्वेन्या भाषेमागे फिनिश होती, सिंदारिन भाषेमागे वेल्श. १९५४-५५ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकादंबरीच्या परिशिष्टांत पंचांगे, लिप्या, वंशावळीही आहेत. म्हणून ते जग खरे वाटते.

आपल्याकडे असा ऐवज दाराशी आहे. वरळी, वेसाव्याच्या कोळीवाड्यांत समुद्राचा हिशेब तिथीवर चालतो: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. दर्यावर्दी लोक कल्पायचे तर त्यांचे सण, देणी-घेणी, लग्नाचे मुहूर्त, शपथा सगळे भरती-ओहोटीतून उगवायला हवे. नाती कोणत्या नावांनी हाकारतात, धान्य कशाने मोजतात, हेही आधी ठरवावे. नकाशा नंतर काढला तरी चालेल. आगरी, मालवणी, वऱ्हाडी बोलींचे व्याकरण या लेखकांनी जरूर अभ्यासावे. मराठी प्रकाशकांनीही अशा कादंबरीला शब्दसूची आणि परिशिष्टांसाठी पाने द्यावीत, कागद महाग असला तरी.

– एक वाचक, दादर, मुंबई