रामलिंगच्या घाटातली बार्शी लाइटची वाट सायकलींना द्या

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

येडशी आणि बार्शी यांच्या दरम्यान रामलिंगच्या घाटातून बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेची जुनी गाडी जात असे. तो सोडून दिलेला मार्ग सायकलवाट म्हणून राखावा, या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. जमीन रेल्वेची आणि जंगल वनखात्याचे, तरी पत्र आपल्याला, कारण या दोघांना एका टेबलाशी बसवायचे काम आपल्या खात्याने मनावर घेतले तरच होईल. रेल्वेला त्या पट्टीचा आज उपयोग नाही आणि वनखात्याने स्वतःहून तिचा विचार करावा असे काही कारणही नाही.

बार्शी लाइट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, पण मंत्रालयात ती कितपत आठवते कोण जाणे, म्हणून थोडे सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला आला होता. मुंबई-सोलापूरची मोठी लाइन कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शीची पेठ बाजूला राहिली. कापूस आणि धान्य बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत न्यावे लागे. कॅलथ्रॉपने तिथे 762 मिलिमीटरची अरुंद लाइन टाकली आणि 1897 मध्ये ती सुरू झाली. कुठल्याही डब्याच्या वा इंजिनाच्या एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे हलके रूळ आणि हलके पूल पुरले आणि खर्च आटोक्यात राहिला. पुढे ही लाइन पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत पोचली. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. आषाढीला डब्यांच्या टपावर बसून जाणारे वारकरी पाहिलेली माणसे अजून गावोगावी आहेत. 1954 मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली.

जुन्या लाइनवर धाराशिव नव्हते. जिल्ह्याचे ठिकाण असून गाडी तिकडे फिरकत नसे. ब्रॉडगेज करताना ती चूक सुधारली, लाइन धाराशिवकडून वळवून घेतली, आणि 2008 पर्यंत लातूर-कुर्डुवाडी रुंद रुळांवरून गाडी धावू लागली. हे फार चांगले झाले. फक्त या वळणामुळे रामलिंगचा घाट गाडीविना राहिला. रूळ गेले, मातीचा भराव, खोदलेल्या खिंडी आणि वळणे मात्र डोंगरात आहेत.

आता कॅलथ्रॉपच्या दुसऱ्या रेल्वेविषयी लिहितो, कारण माझी सगळी मागणी तिच्यावर उभी आहे. बार्शीचा अनुभव घेऊन तो मायदेशी गेला आणि स्टॅफर्डशायरच्या डोंगरात त्याने 'लीक अँड मॅनिफोल्ड' नावाची लाइन बांधली. रुळांची रुंदी बार्शीचीच, 762 मिलिमीटर. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, सुमारे 13 किलोमीटर. 1904 मध्ये सुरू झाली, मुख्यतः दुधावर चालली आणि दुधाची वाहतूक गेल्यावर 1934 मध्ये बंद पडली. यानंतर तिथल्या लोकांनी जे केले ते आपण पाहावे. रेल्वे कंपनीने ती पट्टी कौंटी कौन्सिलला देऊन टाकली आणि 1937 मध्ये तिथे लोकांसाठी वाट खुली झाली. गाडी थांबल्यावर अवघ्या तीन वर्षांत! आज ती मॅनिफोल्ड वे म्हणून ओळखली जाते. चुनखडीच्या डोंगरांमधून, नदीवरचे पूल ओलांडत सायकली जातात, लहान मुले आईबापांबरोबर जातात. ती नदीही आपल्याकडच्या नद्यांसारखीच, उन्हाळ्यात तिचे पाणी खडकाखाली गडप होते आणि पात्र कोरडे पडते. हल्म एंडच्या जुन्या स्टेशनात आता प्रवाशांसाठी माहिती केंद्र आहे. बार्शीवर शिकलेल्या इंजिनिअरने तिकडे बांधलेली वाट नव्वद वर्षे जपली जाते आणि मूळ बार्शीची वाट बाभळींनी गिळावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

न्यूझीलंडने ओटागो प्रांतात 1990 मध्ये बंद पडलेल्या लाइनची 150 किलोमीटरची सायकलवाट केली आणि 2000 मध्ये खुली केली. स्पेन 1993 पासून जुन्या लाइनींवर अशा वाटा करत आला आहे. म्हणजे मी काही अनोखे मागत नाही.

रेल्वेचीच वाट कशाला, रस्ते काय कमी आहेत, असे आपले अधिकारी विचारतील. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, म्हणून रेल्वेला चढ सोसत नाही. बोरघाटासारख्या बिकट ठिकाणीही रुळांचा चढ 37 फुटांना एक फूट याहून कडक नाही. मोटारींचे कितीतरी घाट याहून पुष्कळ उभे असतात. रेल्वेचा माणूस डोंगराला वळसा घालतो, खिंड खोदतो, भराव टाकतो, आणि चढ लांबवर पसरून टाकतो. साठीची बाई किंवा सातवीतला मुलगा साध्या बिनगिअरच्या सायकलवर न उतरता जाईल असा डोंगरातला रस्ता कुणाला आज नव्याने आखायचा म्हटला तर कोट्यवधी रुपये लागतील. इथे ते आखणीचे काम शंभर वर्षांपूर्वीच झालेले आहे. शिवाय येडशीवरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला आहे. त्याच्या साइडपट्टीवरून सायकल चालवताना मागून ट्रकचा हॉर्न आला की पोटात गोळा येतो. मी आमच्या गावच्या पोरांना तिकडे नेत नाही.

महाराष्ट्रात जुन्या लाइनी आणखी आहेत, पण सगळ्यांसाठी मी हे मागणार नाही. विदर्भातल्या शकुंतला या जुन्या अरुंद रुळांच्या गाडीच्या मार्गावर लोकांना गाडी परत हवी आहे आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. तिथे सायकलवाटेची भाषा करणे म्हणजे त्यांच्या जखमेवर मीठ. पाचोरा-जामनेरलाही लोक ब्रॉडगेजची वाट पाहत आहेत. मेळघाटातून जाणारी अकोला-खंडवा लाइन वाघांच्या घरातून गेलेली, तिथे माणसांची वर्दळ जितकी कमी तितके बरे. रामलिंगचे तसे नाही. इथे गाडी लोकांच्या मर्जीने दुसरीकडे वळली आहे आणि ती पुन्हा घाटात यावी असे कुणाचेही म्हणणे नाही.

अडचण आहे ती अभयारण्याची. येडशी रामलिंग घाट अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झाले. जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचे आहे, त्यामुळे त्याला जपूनच हात लावला पाहिजे. पण याच दरीत रामलिंगाचे देऊळ आहे, जटायूची समाधी आहे, आणि श्रावणी सोमवारी तिथे जी गर्दी होते ती मोटारी आणि मोटारसायकलींनी येते. सायकलवाट झाली तर त्यातली काही माणसे तरी धूर आणि आवाज न करता येतील. वाट फक्त सूर्योदय ते सूर्यास्त उघडी ठेवा. दिवे लावू नका. पावसाळ्यात वनखात्याला बंद ठेवावीशी वाटली तर त्यांना तो अधिकार द्या. दोन्ही टोकांना असे लोखंडी अडसर हवेत की सायकल जाईल आणि मोटारसायकल जाणार नाही. मॅनिफोल्डच्या वाटेचा मधला काही भाग मोटारींनाही खुला आहे आणि माझ्या मते त्या वाटेचा तेवढाच दोष आहे. तो आपण इथे आणू नये.

डांबर आणि काँक्रीट तर नकोच. दाबलेला मुरूम पुरे. पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट, कमान, काचेचा पूल यांतले काहीही नको. अशा कामांवर पैसा कसा जातो आणि दोन वर्षांत त्यांचे काय होते हे आपण माझ्याहून जास्त पाहिले असेल. इथे पिण्याचे पाणी, पंक्चर काढण्याची सोय आणि बायकांसाठी स्वच्छ संडास एवढे केले तरी पुष्कळ.

गावांना काय मिळेल, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सायकलवाला दिवसाला फार अंतर तोडत नाही, म्हणून तो वाटेत खातो आणि वाटेतच मुक्काम करतो. मोटारवाला नाश्ता सोलापुरात करून जेवायला छत्रपती संभाजीनगरला पोचतो, मधल्या गावांना त्याची धूळ मिळते. सायकलवाला मात्र बार्शीला भगवंताचे दर्शन घेईल, रामलिंगला थांबेल, येडशीहून पुढे तेरला जाईल. तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे, त्रिविक्रमाचे पुरातन देऊळ आहे, आणि रोमन काळातल्या व्यापाराच्या वस्तू असलेले लामतुरे संग्रहालय आहे. एवढे असून तिथे मुक्कामाला थांबणारा पाहुणा विरळा. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आले. त्याखाली या वाटेवरच्या शेतकरी कुटुंबांना आणि बचत गटांना नोंदणी करून द्या. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि थंडीत हुरडा, याला शहरातला माणूस आनंदाने पैसे मोजतो. नाशिक-पुण्याहून सायकलवारी करत पंढरपूरला येणारेही पुढे इकडे वळतील.

रेल्वेला जमीन कायमची द्यायला सांगू नका, ते देणार नाहीत. अमेरिकेत 1983 पासून कायद्याने अशी सोय आहे की बंद लाइनची पट्टी सलग राखून तिची वाट करायची आणि उद्या रेल्वेला गरज पडली तर ती परत घ्यायची. त्याच धर्तीवर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाशी भाडेपट्टा करता येईल. त्यात रेल्वेचाही फायदा आहे, कारण वापरातली पट्टी कुणी नांगरत नाही.

आपल्याकडून या वर्षी एवढेच हवे आहे: रेल्वे, वन, महसूल आणि पर्यटन यांची एकत्र मोजणी. जुन्या लाइनीचे नकाशे आणि भूमी अभिलेखचे उतारे समोर ठेवून येडशीपासून बार्शीकडे पायी चालत जायचे, शाबूत मोऱ्या आणि भराव नोंदवायचे, अतिक्रमण असेल तिथे शेतकऱ्याशी आधी बोलायचे आणि हद्दीचे दगड लावायचे. मोजणी दिवाळीनंतर ठेवावी, तोवर गवत वाळलेले असते आणि भरावाची कड स्पष्ट दिसते. घाटातली जुनी वळणे ठाऊक असलेले निवृत्त गँगमन आणि खलाशी कुर्डुवाडी-बार्शी भागात आहेत, वयाने थकलेले आहेत. त्यांना मोजणीच्या वेळी गाडी पाठवून बोलवावे. आम्ही सायकलवाले फीत धरायला, झुडपे तोडायला, दगड उचलायला येऊ. तारीख कळवावी.

आपला विश्वासू,
बार्शी तालुक्यातील एक सायकलस्वार