नॅनोकणांचा निचरा कसा होणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत नॅनोकणांच्या (मीटरच्या अब्जांश मापातील कणांच्या) कॉन्ट्रास्टविषयी, म्हणजे तपासणीच्या चित्रात अवयव ठळक दिसावेत म्हणून देण्याच्या द्रव्याविषयी, आलेला लेख वाचला. एकाच इंजेक्शनवर पेट (शरीरात सोडलेल्या किरणोत्सर्गी द्रव्याचा माग घेणारी) आणि एमआरआय (चुंबकीय क्षेत्राने चित्र घेणारी) या दोन्ही तपासण्यांत दिसणाऱ्या कणांची रचना त्यात सोपी करून सांगितली आहे. मात्र काम झाल्यावर हे कण शरीराबाहेर कसे पडणार, याविषयी लेखात चकार शब्द नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

सीटीसाठी दिला जाणारा आयोडिनचा ‘डाय’ शिरेत जाताच अंगातून ऊब सरकते, तोंडाला धातूसारखी चव येते, आणि मूत्रपिंडे धड असतील तर दिवसभरात तो बहुतांशी लघवीवाटे निघून जातो; म्हणून तर तपासणीआधी मूत्रपिंडांचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला जातो. नॅनोकणांचे गणित बरेचसे आकारावर चालते. सहा नॅनोमीटरच्या आसपासचे किंवा त्याहून लहान कण मूत्रपिंडातून गाळले जाऊ शकतात, तर मोठे कण यकृत आणि प्लीहेतील भक्षकपेशी गिळतात. लोह ऑक्साइडचे कण असतील तर त्यातील लोह शरीर हळूहळू वापरून टाकते. सोन्याचे मोठे कण मात्र तिथेच दीर्घकाळ पडून राहतात.

ही भीती काल्पनिक नाही. 1930 च्या सुमारास वापरात आलेला ‘थोरोट्रास्ट’ हा थोरियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचाच कॉन्ट्रास्ट होता. रक्तवाहिन्यांचे चित्र सुरेख येई आणि देताना रुग्णाला फारसा त्रासही होत नसे. पण कण यकृतात कायमचे मुक्कामाला राहिले आणि त्यांच्या किरणोत्सर्गाने दोन-तीन दशकांनंतर यकृताचे कर्करोग उद्भवू लागले.

दुसरा प्रश्न मात्रेचा आहे. पेटला अत्यल्प सांद्रता पुरते, एमआरआयला तिच्या हजारो पट लागते. त्यामुळे दोन्ही कामे एकाच कणाकडून करून घ्यायची, तर धातूची मात्रा एमआरआयच्या हिशेबाने ठरते आणि निचऱ्याचा भार वाढतो. शिवाय पेटसाठी कणांना किरणोत्सर्गी अणू जोडावा लागतो. त्यांपैकी फ्लोरिन-18 चे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्म्यावर येण्याचा काळ) 110 मिनिटांचे असते. रक्तात दीर्घकाळ फिरणाऱ्या कणांसाठी ते अपुरे पडते. मग सुमारे 78 तास अर्धायुष्य असलेले झिर्कोनियम-89 जोडावे लागते, आणि कण यकृतात अडकले की त्याचा किरणोत्सर्गही तिथेच साठतो.

याउलट न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात मेलेनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या मोजक्या रुग्णांना दिलेले सिलिकाचे कण पाहावेत. त्यांचा अहवाल 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा-सात नॅनोमीटरच्या या कणांवर चमकणारे रंगद्रव्य आणि पेटसाठी किरणोत्सर्गी आयोडिन-124 असे दोन्ही जोडलेले होते, तरीही ते प्रामुख्याने मूत्रपिंडावाटे बाहेर पडले. संशोधकांनी आकाराचा विचार आधी केला, हे मला महत्त्वाचे वाटते.

यापुढे अशा कणांविषयी लिहिताना महिन्याभरानंतर त्यातील किती भाग कोणत्या अवयवात उरतो, हे आपल्या लेखकांनी संशोधकांना अवश्य विचारावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्ष-किरणतज्ज्ञ, नाशिक