इथलेही मलपीवाले

न्यूलिन, कॉर्नवॉल, इंग्लंड
२५ मे २०२५

ती. बाबांस व सौ. आईस,
सा. न.

मी मजेत आहे. आई, खोकला गेला, स्वेटर घालतो, भातही रोज होतो. मासळीच्या शेडमधलं काम तुम्हाला ठाऊकच आहे.

बाबा, फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत, 'ब्रेक्झिट करून बाहेरच्यांना घालवायचं होतं, मग तुला कसे ठेवतात?' माझे कागद पक्के आहेत. बंदरावर मला कोणी वाकडं बोललेलं नाही. इथलं भांडण समुद्राचं आहे. म्हातारे तांडेल मला बसवून घेऊन गाऱ्हाणं सांगतात, तेव्हा तुम्हीच बोलताय असं वाटतं. आपल्याकडे कर्नाटकातून घुसणारे मलपीचे ट्रॉलर, तसे यांच्याकडे फ्रेंच. १९७३ साली हा देश युरोपच्या गटात गेला आणि पुढे समुद्र सामाईक झाला. २०१६ च्या मतदानात मच्छीमार बाहेर पडायच्या बाजूने हिरिरीने उभे राहिले. निदान किनाऱ्यालगतचे १२ सागरी मैल तरी आपले होतील, ही आशा. २०२० संपताना युरोपशी करार झाला, पण काही भागांत फ्रेंच बोटी ६ मैलांपर्यंत येतच राहिल्या. इथल्या समुद्रातल्या मासळीत युरोपचा जो वाटा, त्यातला चौथा हिस्सा यांना मिळायचा, तोही साडेपाच वर्षांत थोडाथोडा. जून २०२६ ला त्या बोटींची मुदत संपेल, मग बघू, म्हणून सगळे थांबले होते. परवा १९ मेला सरकारने ती २०३८ पर्यंत वाढवून दिली. सोबत ३६ कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. त्या दिवशी धक्क्यावर कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

आई, एक गोष्ट मात्र मला अजून उलगडत नाही. ज्या माशासाठी एवढं भांडण, तो हे लोक खातच नाहीत. लांब तंगड्यांच्या कुर्ल्या आणि लेपीसारखा चपटा मेग्रिम बर्फात भरून बहुतेक फ्रान्स-स्पेनला जातो. मग संध्याकाळी तळलेल्या माशाच्या दुकानापुढे रांग लागते, तिथला कॉड बहुधा नॉर्वे नाहीतर आइसलँडचा. डोकं नाही, काटा नाही, वर पिठाचं जाड कवच. डोक्यासकट मासा ताटात आला की बघवत नाही यांना. २०२१ मध्ये नव्या कागदपत्रांमुळे माल पलीकडे जाईना, तेव्हा इथल्या मच्छीमार संघटनेने मेग्रिमला 'कॉर्निश सोल' आणि त्या कुर्लीला 'कॉर्निश किंग क्रॅब' अशी नावं दिली, घरचं गिऱ्हाईक वळावं म्हणून. मी शेजारणीला कुर्लीचं तिखलं दिलं होतं. भांडं घासून परत आलं, चवीबद्दल अवाक्षर नाही. गिऱ्हाईक पलीकडे असेल तर पलीकडच्याला समुद्रातून हटवणार कसं? तरीही बाबा, किनाऱ्याजवळचा समुद्र छोट्या होड्यांचाच हवा, इथे काय नि मालवणात काय.

या महिन्यात ४० हजार पाठवतोय. आधी इंजिनाचा हप्ता भरा, उरतील ते ताईच्या दागिन्यांना. माझी चणचण नाही, उगाच परत पाठवू नका. १ जूनपासून बंदी, म्हणजे होडी वर ओढायची वेळ झाली. चार पोरं बोलवा, चहापाण्याचे पैसे मी देतो, पण तुम्ही खांदा लावू नका. दरवर्षी मी असायचो.

ताईच्या लग्नाला नोव्हेंबरात सुट्टी मिळणं कठीण दिसतंय. अजून नक्की नाही, तिला एवढ्यात सांगू नका. माझ्यासाठी आलेल्या स्थळांचं मग बघू. आई, त्या मुलीच्या घरच्यांना थांबवून धरू नकोस. ताईच्या हळदीला मामाच्या मुलाला फोन धरायला लाव, मी कामावरून उठून येईन.

तुमचा,
बाळू