जुन्या फियाटचे इंजिन : आधी मोजमाप, मग सुटे भाग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईत नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून कायमची हटली. त्यानंतर खासगी मालकीच्या जुन्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांविषयी तरुणांची ओढ वाढलेली मला दिसते. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत यंत्रशाळेचा शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली आणि माझ्याकडे १९७१ सालची फियाट आहे, हे ठाऊक असल्यामुळे गेल्या काही महिन्यांत तीन तरुण माझ्याकडे सल्ला मागायला आले. तिघांनाही इंजिन अधिक ताकदीचे बांधून घ्यायचे होते. तिघांच्याही हाती सुट्या भागांची यादी होती : दोन कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), मोठा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), घासलेले हेड (सिलिंडरांवरचे झाकण), मोकळा सायलेन्सर. परंतु आपला सिलिंडर आज किती झिजलेला आहे, याचे मोजमाप एकाकडेही नव्हते. या पत्राचे कारण तेच आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले हे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७५ मिलिमीटर आणि ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. पिस्टनांच्या धावेने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, आधार फक्त तीन मेन बेअरिंगांचा आहे. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले, तर या इंजिनाकडून काय मागावे आणि काय मागू नये हे पुष्कळसे आपोआप ठरते. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ७५ मिलिमीटर स्ट्रोकच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो. तीन बेअरिंगांवर पेललेल्या, पन्नास वर्षे चाललेल्या क्रँकशाफ्टला तो रोज सोसायला लावणे मला योग्य वाटत नाही. शिवाय मुंबईत तो वेग गाठायचा कुठे? जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. मोठ्या कॅमशाफ्टमुळे व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडे राहतात, त्याचा लाभ वरच्या फेऱ्यांत मिळतो आणि खालच्या फेऱ्यांतली ओढ मात्र कमी होते. म्हणजे जिथे गाडी दिवसभर चालणार आहे, तिथेच ती लंगडी होते. माझे मत स्पष्ट आहे : मुंबईच्या रस्त्यावरील फियाटसाठी उत्तम इंजिन म्हणजे १५०० ते ३५०० फेऱ्यांत भरपूर ओढ देणारे आणि मे महिन्यात सिग्नलला उभे असताना न तापणारे इंजिन.

म्हणून नियोजनाची सुरुवात इंजिन उतरवण्याच्याही आधी व्हावी. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) गेजने मोजावे, मग प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दुसऱ्या वेळी आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा आणि बोअरचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडखालचे गॅस्केट तपासावे. इंजिन उघडल्यावर बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, तेही दोन्ही दिशांनी मोजावा, आणि क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरने. जर्नल याआधी दहा थाऊ (इंचाचे हजारांश) घासले आहे की वीस, हे कळल्याशिवाय बेअरिंग विकत घेऊ नयेत. पिस्टनही हातात आल्यावर मोजावेत आणि बोअरिंग त्यांच्या मापाला करावे. डब्यावर छापलेल्या मापावर विसंबून बोअर केलेले ब्लॉक मी वाया गेलेले पाहिले आहेत.

कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर किंवा चोर बाजारात भंगारातल्या टॅक्सीचे इंजिन स्वस्तात मिळते, ते घ्यावे का, असेही विचारले जाते. ते इंजिन बहुधा अनेक वर्षे सीएनजीवर चाललेले असते. कोरड्या वायूने व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती कड) लवकर झिजतात, त्यामुळे त्याचे हेड तपासल्यावाचून वापरू नये. शिवाय त्याचा क्रमांक आपल्या नोंदणी पुस्तकातील क्रमांकाशी जुळणार नाही, आणि परवानगीविना केलेली ती अदलाबदल पुढे नूतनीकरणाच्या वेळी मालकाच्याच अंगावर येईल.

कॉम्प्रेशन वाढवण्याच्या बाबतीत मी थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होते. माझ्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट ते, मोजणीत ७.३ आला. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २७२ घनसेंटिमीटर, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ४३ घनसेंटिमीटर होते. रेशो ८.५ करायचा तर ही जागा ३६ वर आणावी लागते. फरक अवघा सात घनसेंटिमीटरचा आहे, चहाच्या दीड चमच्याएवढा. आणि तो अंदाजाने साधणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. बारा वर्षांपूर्वी एका गॅरेजने माझे ॲल्युमिनियमचे हेड न मोजता, पृष्ठभाग सपाट होईपर्यंत आणि वर थोडे अधिक असे घासून दिले. सुरुवातीला गाडी फार छान पळाली. तिसऱ्या आठवड्यात पूर्व द्रुतगती मार्गावर, शीवहून घाटकोपरकडे येताना, इंजिनातून सतत ठोके येऊ लागले, दोन सिलिंडरांमधले गॅस्केट जळाले आणि एका पिस्टनची रिंगेजवळची कड तुटली. हेड पुन्हा जाड करता येत नाही. दुसरे शोधायला मला सात महिने लागले. हेडमधल्या प्रत्येक पोकळीवर (चेंबरवर) काचपट्टी ठेवून ब्युरेटने पातळ तेल भरून चारही जागा मोजणे, हे तासाभराचे काम तेव्हा कोणीतरी केले असते तर ते हेड आजही गाडीवर असते.

आता पेट्रोलविषयी. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. त्यामुळे ऑक्टेन, म्हणजे ठोके न येऊ देण्याची इंधनाची क्षमता, वाढते, ही ८.५ रेशो ठरवणाऱ्यासाठी चांगली बाजू. मात्र इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने निव्वळ पेट्रोलसाठी बसवलेला कार्ब्युरेटर मिश्रण पातळ देतो, आणि पातळ मिश्रणावर इंजिन तापते. योग्य मिश्रणासाठी इंधन साधारण आठ टक्क्यांनी अधिक लागते. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राच्या तुकड्यावरचा) आकडा हा छिद्राचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शतांशात. १२० च्या जागी १२५ चा जेट लावला की छिद्राचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. एवढ्याशा पितळी तुकड्याने जे साधते, त्यासाठी महागडे दोन कार्ब्युरेटर लावण्याची घाई करू नये. सोबत पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नये. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले, आणि व्हॉल्व्ह सीटचे रक्षण ते शिसेच करत असे. म्हणून हेड उघडलेलेच असेल तर व्हॉल्व्ह सीट कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात.

उरलेल्या पैशांतला मोठा वाटा माझ्या मते न दिसणाऱ्या कामांवर खर्च व्हावा. चारही पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड वजनाला समान करणे, क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच एकत्र बॅलन्स करणे, रेडिएटरला नवीन जाळी घालणे. मूळ पंखा पट्ट्याने इंजिनावरच फिरतो, त्यामुळे गाडी उभी असताना, म्हणजे वाऱ्याची सर्वांत जास्त गरज असताना, तो सर्वांत मंद असतो. विजेचा पंखा लावावा, पण त्याआधी जुना डायनमो काढून आल्टरनेटर बसवावा, कारण इंजिन संथ फिरत असताना डायनमो जेमतेम वीज देतो. आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीची ताकद वाढवण्यापूर्वी ते ब्रेक नवे करून घ्यावेत, याविषयी माझी कोणाशीही तडजोड नाही.

माझे शेवटचे म्हणणे परिवहन विभागाला उद्देशून आहे. बोअर ६८ चा ६८.५ केला की १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ११०५ चे होते. ६९ केला की ११२१ चे. झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल करण्याचा हा जगभरचा नेहमीचा मार्ग आहे, आणि ओव्हरसाइझ पिस्टन त्यासाठीच बनतात. परंतु मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करते, आणि घनक्षमता त्या तपशिलात असते. २०२१ च्या जुलैत विंटेज वाहनांसाठी आलेल्या नियमांतही पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या इंजिनात मोठे बदल झालेले नसावेत, अशी अट आहे. दुरुस्ती कुठे संपते आणि बदल कुठे सुरू होतो, याचे स्पष्टीकरण मी दोन वेळा कार्यालयात जाऊन विचारले आणि दोन खिडक्यांवर दोन उत्तरे मिळाली. किती मिलिमीटरपर्यंतचे बोअरिंग दुरुस्ती समजले जाईल आणि यंत्रशाळेचे कोणते प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाईल, एवढे विभागाने मराठीत एका पानावर लिहून प्रसिद्ध करावे, ही विनंती.

माझ्या गाडीचा ब्लॉक सध्या घरात, गोणपाटाखाली तेल लावून ठेवलेला आहे. तिसऱ्या सिलिंडरची झीज ०.१८ मिलिमीटर भरली असून ६८.५ चे पिस्टन आणून ठेवले आहेत. उत्तर लेखी मिळाले की तो बोअरिंगला जाईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
कुर्ला (पूर्व), मुंबई