पोकलेन ट्रेलरवर चढवताना घाई नको

संपादक साहेब,

रस्त्याच्या कामांमुळे पोकलेन, रोलर लो-बेडवरून, म्हणजे बुटक्या ट्रेलरवरून, इकडेतिकडे नेणं रोजचंच झालंय, पण रात्री घाटाच्या वळणावर, उतारावरच मशीन चढवायचं चालू असतं ते बघून खरंच भीती वाटते. मशीन 20 टनाचं, चाकांऐवजी असते ती चेन लोखंडी आणि रॅम्पही लोखंडी, त्यात पावसाळ्यात चेनला चिखल, मग घसरणार नाही तर काय? आधी चिखल काढा, रॅम्पवर लाकडी फळ्या टाका. मशीन रॅम्पवर आलं की ट्रेलरचं पुढचं टोक उचललं जाऊ शकतं, म्हणून मागे खाली ठोकळे लावायचे आणि चाकांनाही. रॅम्पवर चढल्यावर तर मशीन वळवायचंच नाही, सगळं सरळ करून मगच चढवायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे क्लीनर पोरगा मागे, नाहीतर बाजूला अगदी चिकटून उभा राहून हात दाखवतो, मशीन कलंडलं तर त्याला पळायला जागाच नाही. इशारा देणारा एकच माणूस हवा, तोही लांब, ऑपरेटरला दिसेल असा. उतरवतानाही हेच, मशीन बांधलेल्या साखळ्या सोडायच्या आधी मशीन हललंय का बघा. ठेकेदारांनी सपाट जागा आणि लाईट दिलीच पाहिजे, आणि बिलं पास करणाऱ्या साहेबांनी हे साइटवर येऊन तपासावं.

– एक वाचक, सातारा