उष्ण उपबटू जोडतारे आणि माण-खटावचे आकाश

महोदय,

आपल्या दैनिकात खगोलशास्त्र येते ते बहुधा ग्रहण, उल्कावर्षाव किंवा ‘महाचंद्र’ यांच्या निमित्ताने. जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांना प्रत्यक्ष हातभार लावता येईल, अशा एका शोधकार्याकडे, म्हणजे उष्ण उपबटू ताऱ्यांच्या जोड्या शोधण्याकडे, या पत्राद्वारे लक्ष वेधू इच्छितो.

सूर्यासारखा तारा उतारवयात फुगून तांबडा राक्षसी तारा होतो. त्याचा जोडीदार पुरेसा जवळ असेल, तर तो या फुगलेल्या आवरणात सापडतो, दोघांमधील अंतर घटत जाते आणि हायड्रोजनचे बहुतेक आवरण अवकाशात फेकले जाते. मागे उरतो तो हेलियम जाळणारा, सूर्याच्या साधारण निम्म्या वस्तुमानाचा, २० ते ४० हजार केल्व्हिन तापमानाचा तारा. हाच उष्ण उपबटू तारा. आवरण फेकले जाण्याची अवस्था इतकी अल्पकाळ टिकते की ती प्रत्यक्ष दिसणे दुरापास्तच. तिचा अंदाज बांधायचा तर उरलेल्या जोड्यांचे भ्रमणकाळ मोजावे लागतात, आणि त्यासाठी अशा जोड्या आधी सापडाव्या लागतात.

‘गाया’ या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या नोंदींवरून २०१९ मध्ये अशा उष्ण उपबटूंच्या सुमारे ३९,८०० संभाव्य ताऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. २०१८ मध्ये सोडलेल्या ‘टेस’ या ‘नासा’च्या अवकाश दुर्बिणीची प्रकाशमापने तर कोणालाही विनामूल्य मिळतात. मात्र ‘टेस’च्या एका पिक्सेलमध्ये आकाशाचा २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तुकडा येतो, त्यामुळे प्रकाशातील चढउतार नेमका त्या ताऱ्याचा की शेजारच्याचा, याची खातरजमा जमिनीवरूनच करावी लागते. शिवाय जोडीदार तांबडा बटू, म्हणजे लहान थंड तारा, असेल, तर त्याची तापलेली बाजू आपल्याकडे वळते तेव्हा, म्हणजे फेरीत एकदाच, प्रकाशाचा आलेख उंचावतो. जोडीदार श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा, असेल, तर त्याच्या ओढीने उपबटू तारा लांबट होतो आणि आलेख फेरीत दोनदा उंचावतो. हा भेद निसटला की भ्रमणकाळ थेट निम्मा किंवा दुप्पट निघतो!

सरावाला कन्या राशीतील एचडब्ल्यू व्हर्जिनिस ही जोडी उत्तम. दर २ तास ४८ मिनिटांनी थंड जोडीदार उपबटूला झाकतो, म्हणजे ग्रहण होते, तेव्हा तिचा प्रकाश जवळपास निम्म्यावर येतो आणि ८ इंची दुर्बिणीला कॅमेरा जोडून ते टिपता येते. तिच्या ग्रहणांच्या वेळा वर्षानुवर्षे किंचित सरकत आल्या आहेत. त्यावरून तिथे ग्रह असल्याचे सुचवले गेले असले, तरी तो वाद मिटलेला नाही. म्हणूनच नव्या नोंदींचे मोल आहे.

आकाशनिरीक्षण म्हटले की साताऱ्यात कास-महाबळेश्वरचे नाव निघते. पण तिथे धुके आणि हॉटेलांचे दिवे. माण-खटावच्या ज्या कोरड्या हवेने शेतकऱ्याला जेरीस आणले, ती या कामाला मात्र मानवणारी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या चौथ्या वर्षाला संशोधन प्रकल्पाचा पर्याय आहेच. तो ग्रंथालयातील उताऱ्यांवर उरकण्यापेक्षा दहिवडी-वडूज परिसरातील माळावर अमावास्येच्या सुमारास करावा. आपल्या दैनिकानेही मार्च ते मे या महिन्यांच्या आकाशनकाशासोबत या जोडीच्या ग्रहणांच्या वेळा भारतीय प्रमाणवेळेत छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक, सातारा