अपघाताचा रिपोर्टही छापा

संपादक साहेब,

१८ मार्च २०२३ ला गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं ट्रेनिंगचं छोटं विमान बालाघाटच्या डोंगराळ जंगलात पडलं, इन्स्ट्रक्टर आणि शिकणारी पोरगी दोघंही गेले. इकडे नागपुरात दोन-चार दिवस चर्चा झाली, मग बाप्पा सगळे विसरले. माझा भाचा आता पायलट व्हायचं म्हणतोय, कमर्शियल लायसन्सला २०० तास उडावं लागतं, अन् ताईचा जीव नुसता टांगणीला. अशा अपघातांची चौकशी एएआयबी ही विमान अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था करते, रिपोर्ट वेबसाइटवर टाकतात पण सगळा टेक्निकल इंग्रजीत, ताईनं त्यातून काय समजायचं? तुम्हीच असे रिपोर्ट सोप्या मराठीत छापा ना, मोडक्या विमानाचा फोटो तर पहिल्या पानावर छापता.

– एक वाचक, नागपूर